विश्लेषण : नव्या उद्योगाला भांडवल एकटे पुरते का? वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांचे आयुष्य काय सांगते?

पत, जागा, प्रशिक्षण आणि अडीअडचणीला उभा राहणारा माणूस या चार गोष्टी मिळाल्या तर नवा धंदा तग धरतो. शंभर वर्षांपूर्वी त्या बहुतेक घराण्यात आणि जातीतच मिळत. जमनालाल बजाज यांना त्या दत्तक घराने दिल्या. पुढे याच गोष्टी इतरांसाठी वर्ध्यात उभ्या करण्यात त्यांचे आयुष्य गेले.

जमनालाल वर्ध्यात कसे आले?

जमनालाल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात झाला. वडील कनीराम साधे शेतकरी होते. वर्ध्याचे सधन व्यापारी सेठ बच्छराज बजाज हे त्यांचे लांबचे नातलग. त्यांनी या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले, तेव्हा जमनालाल जेमतेम पाच वर्षांचे होते. वाळवंटाच्या कडेचे खेडे सोडून ते विदर्भातल्या कापसाच्या मुलखात आले.

वर्ध्यातल्या मराठी शाळेत ते चौथीपर्यंत शिकले. औपचारिक शिक्षण तेवढेच. पुढचे शिक्षण पेढीवर झाले. रोजकीर्द, खतावणी, हुंडी, मालाची पारख आणि माणसाची पारख तिथेच शिकायची, अशी व्यापारी घराची रीत होती. वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचा जावऱ्याच्या जानकीदेवींशी विवाह झाला.

त्या काळी नवी पेढी कशावर उभी राहत असे?

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. रेल्वे आली आणि या भागातल्या कापसाला थेट मुंबईची बाजारपेठ मिळाली. हिंगणघाटचा कापूस तर आधीपासूनच नावाजलेला. गावोगाव सरकी काढणारे जिनिंग आणि गाठी बांधणारे प्रेसिंग कारखाने उभे राहू लागले.

या व्यापारात पैसा वर्षभर सारखा फिरत नसे. कापूस निघाला की शेतकऱ्याला रोख द्यावी लागे. मुंबईच्या खरेदीदाराकडून रक्कम मागाहून येई. मधला काळ निभावून नेण्यासाठी उधारी लागे आणि ती हुंडीवर मिळे. हुंडी म्हणजे ठरावीक मुदतीनंतर पैसे देण्याचे लेखी वचन. ते वचन ज्याचे, त्याच्या नावाला बाजारात वजन असेल तरच हुंडी चाले.

मारवाडी समाजाने यासाठी स्वतःची व्यवस्था उभी केली होती. परमुलखात आलेल्या तरुणाला जेवण्या-राहण्यासाठी समाजाचा बासा असे. ओळखीच्या पेढीवर तो गुमास्ता म्हणून लागे आणि पगार घेता घेता धंदा शिके. नंतर त्याला छोटे भांडवल किंवा भागीदारी मिळे. बुडाला तर सावरून घेणारेही त्यातलेच असत. राहण्याची सोय, उमेदवारी, पहिले कर्ज आणि पडत्या काळातला आधार, सगळे एकाच ठिकाणी होते.

मात्र ही व्यवस्था बाहेरच्यांसाठी खुली नव्हती. वर्ध्याच्या शेतकऱ्याचा, कोष्ट्याचा, तेल्याचा किंवा चर्मकाराचा मुलगा कितीही हुशार असला, तरी त्याला अशी हुंडी मिळत नव्हती. जमनालाल यांना मिळाली ती दत्तकपत्रामुळे. पुढच्या सगळ्या कामात ही गोष्ट ते विसरले नाहीत, असे त्यांच्या आयुष्याकडे पाहताना जाणवते.

संपत्ती सोडण्याचे पत्र काय होते?

जमनालाल सतरा वर्षांचे असताना एक प्रसंग घडला. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालण्यावरून आजोबा आणि नातवात खटका उडाला. बच्छराज रागाच्या भरात बरेच बोलून गेले. आपल्या संपत्तीवर डोळा ठेवल्याचा सूर त्या बोलण्यात होता. जमनालाल यांनी सरकारी मुद्रांकाच्या कागदावर पत्र लिहून सगळ्या मालमत्तेवरचा हक्क सोडला आणि ते घराबाहेर पडले. नंतर समजूत घालून त्यांना परत आणण्यात आले.

काही काळातच, १९०७ मध्ये, बच्छराज वारले आणि पेढी जमनालाल यांच्याकडे आली. एकदा लेखी सोडलेली संपत्ती पुन्हा हाती आली होती. ती आपली नसून आपल्याकडे सांभाळायला दिलेली आहे, अशी त्यांची धारणा झाली. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना त्यांच्यापर्यंत पोहोचली ती नंतर. तिच्यासाठी मनाची तयारी मात्र आधीच झालेली होती.

ओल्या कापसाचा प्रश्न काय होता?

कापसाच्या धंद्यात एक जुनी लबाडी होती. गाठ बांधण्यापूर्वी कापसावर पाणी मारायचे. कापूस पाणी शोषून घेतो, वजन वाढते आणि तेवढे पैसे जास्त मिळतात. दाबून बांधलेली गाठ मुंबईत उघडेपर्यंत आत काय आहे, हे कळत नसे. ओल्या कापसाचा तंतू खराब होई. सगळेच असे करतात म्हटल्यावर खरेदीदारही भाव पाडूनच मागत.

जमनालाल यांनी आपल्या कारखान्यात पाणी मारणे बंद केले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. सुरुवातीला यात सरळ तोटा होता, कारण गाठीचे वजन इतरांपेक्षा कमी भरे. पण काही काळाने त्यांच्या खुणेची गाठ कोरडी असते, हे बाजाराला कळले आणि त्या गाठीला चढा भाव मिळू लागला.

या प्रसंगाकडे केवळ सचोटीची गोष्ट म्हणून पाहिले, तर त्यातले व्यापारी गणित सुटते. खरेदीदाराला माल आतून दिसत नाही, अशा बाजारात विश्वास हीच वस्तू असते आणि तिची किंमत मिळते. ती मिळायला वेळ लागतो, तोवर तोटा सोसण्याची ताकद मात्र हवी. जमनालाल यांच्याकडे ती होती, कारण पाठीशी बच्छराज यांची पेढी होती. नव्या उद्योजकाला प्रामाणिक राहण्यासाठीही थोडा दम धरू देणारे भांडवल लागते.

मालक तुरुंगात असताना धंदा कसा चालला?

पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने जमनालाल यांना रायबहादूर केले होते. १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वागत समितीचे अध्यक्ष जमनालालच होते. तिथे त्यांनी गांधीजींना, मला तुमचा पाचवा मुलगा माना, अशी विनंती केली. त्याच सुमारास ते काँग्रेसचे खजिनदार झाले आणि हे काम जवळपास अखेरपर्यंत त्यांच्याकडे राहिले. १९२१ मध्ये त्यांनी रायबहादूर ही पदवी परत केली. टिळक स्वराज्य फंडाला एक लाख रुपये दिले. असहकारात वकिली सोडलेल्यांच्या चरितार्थासाठी ही रक्कम होती.

१९२३ मध्ये नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास आणि दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली, पण नागपुरात ती विकत घ्यायला कोणी पुढे येईना. बाजारात या माणसाची पत काय होती, हे त्यावरून दिसले. त्यानंतरही १९३० आणि १९३२ च्या सविनय कायदेभंगात, १९३९ मध्ये जयपूर प्रजामंडळाच्या लढ्यात आणि पुढे वैयक्तिक सत्याग्रहात ते तुरुंगात गेले.

एकाच माणसाच्या डोक्यावर चालणारा धंदा असा मालक वारंवार गायब झाला की बसतो. बजाज पेढी बसली नाही. मुनीम, भागीदार आणि नातलग यांच्यात कामाची वाटणी झालेली होती आणि रोजचे निर्णय त्यांच्यावर सोपवलेले होते. सगळे आपल्याच हाती ठेवण्याची सवय अनेक संस्थापकांना नडते. जमनालाल यांना परिस्थितीने ती लागूच दिली नाही.

मंदिर उघडण्यात धोका कसला होता?

वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर बच्छराज यांच्या घराण्याने बांधलेले. जुलै १९२८ मध्ये जमनालाल यांनी ते तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. देशात असे पाऊल उचलणाऱ्या अगदी पहिल्या मंदिरांत त्याची गणना होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच्या दोन वर्षांनंतरचा.

यामुळे सनातनी मंडळी दुखावली आणि जमनालाल यांच्या स्वतःच्या समाजातूनही विरोध झाला. सोयरीक, पंगत आणि उधारी एकाच जातीच्या धाग्याने बांधलेली असताना बहिष्काराची टांगती तलवार पेढीवरही असे. ज्या जाळ्याने आपल्याला मोठे केले, तेच जाळे तुटण्याचा धोका त्यांनी पत्करला. पेढी तगली, कारण तोवर तिची पत जातीच्या बाहेरही पोहोचली होती.

साखर, पोलाद आणि दिवे : नवे उद्योग कसे उभे राहिले?

बजाज समूह आपली स्थापना १९२६ ची मानतो. व्यापाराकडून कारखानदारीकडे जाणारे मोठे पाऊल १९३१ मध्ये पडले. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खिरी जिल्ह्यात गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्तान शुगर मिल्सची उभारणी झाली. वेळ नेमकी साधली गेली. १९३२ मध्ये सरकारने आयात साखरेवर जकात लावून देशी साखरेला संरक्षण दिले. तेव्हा देशात आधुनिक साखर कारखाने तीसएक होते. दशक संपण्याआधी ते सव्वाशेच्या पुढे गेले. नवा उद्योग तगण्यात मालकाच्या हुशारीइतकाच धोरणाचाही वाटा असतो, याचे हे ठळक उदाहरण. जमनालाल यांचे जावई रामेश्वरप्रसाद नेवटिया यांनी गोल्याचा हा कारखाना पुढे दीर्घकाळ सांभाळला.

पोलादाची गोष्ट वेगळी आहे. लाहोरचे लाला मुकंदलाल यांचा लोखंड-पोलादाचा कारखाना अडचणीत आला होता. गांधीजींच्या सांगण्यावरून जमनालाल यांनी जीवनलाल मोतीचंद शहा यांच्यासोबत १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा कारभार हाती घेतला. कारखान्याचे मुकंद हे नाव त्यांनी बदलले नाही, ते आजही चालू आहे. नवा कारखाना काढण्याइतकेच बुडता कारखाना वाचवणे महत्त्वाचे असते. त्याला पैशाबरोबर विश्वासाचा भागीदार लागतो.

१९३८ मध्ये रेडिओ लॅम्प वर्क्स ही कंपनी स्थापन झाली. पुढे तीच बजाज इलेक्ट्रिकल्स झाली.

मगनवाडीत नेमके काय होते?

जमनालाल यांच्या आग्रहामुळे १९२१ मध्ये विनोबा भावे वर्ध्यात आले आणि तिथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. गांधीजीही वर्ध्यात यावेत, यासाठी त्यांचे प्रयत्न चालूच होते. १९३४ मध्ये ते जुळून आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघासाठी जमनालाल यांनी आपली बाग आणि तिथली इमारत दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली.

संघाचे अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू होते. चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे कुमारप्पा लंडनमध्ये हिशेबनीस म्हणून तयार झालेले आणि अमेरिकेत सिरॅक्यूस व कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले. म्हणजे खेड्यातल्या धंद्यांचा हिशेब पाहायला त्या काळातला अव्वल दर्जाचा तज्ज्ञ वर्ध्यात बसला होता.

मगनवाडीत घाणीचे तेल, हातकागद, मधमाशीपालन, भात सडणे, गूळ, साबण अशा धंद्यांवर प्रयोग होत. बैलाच्या जुन्या घाणीत सुधारणा करून कमी श्रमात जास्त तेल काढणारी घाणी तयार झाली. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर बाहेर नेणारी मगनचूल इथलीच. गावोगावचे कार्यकर्ते इथे येऊन शिकत आणि परत जाऊन काम सुरू करत. ग्रामउद्योग पत्रिका या मासिकातून प्रयोगांची माहिती बाहेर जाई. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. तिथे ही अवजारे आणि वस्तू लोकांना पाहता येत.

जागा, अवजार, प्रशिक्षण, सल्ला आणि मालाची ओळख या पाचही गोष्टी एकाच आवारात होत्या. आज अशा ठिकाणाला इन्क्युबेशन सेंटर म्हणतात. मारवाडी तरुणाला बासा आणि पेढी जे देत होती, त्यातले बरेचसे मगनवाडी कोणत्याही जातीच्या माणसाला देऊ पाहत होती.

जमनालाल यांची भूमिका इथे लक्षात घेण्यासारखी आहे. जागा त्यांची आणि पैशाचा मोठा वाटाही त्यांचा, पण कारभार कुमारप्पा आणि जाजू यांचा. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. तिथली बरीचशी जमीनही जमनालाल यांचीच होती. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले. तिथली झोपडी आसपासच्या साहित्यातून आणि कमीत कमी खर्चात बांधायची, हा गांधीजींचा हट्ट होता. सेठजींना ऐपत असूनही तो मानावा लागला.

शिक्षणाचे काय?

वर्ध्यात १९१४ मध्ये स्थापन झालेल्या शिक्षा मंडळामागे जमनालाल होते. मारवाडी विद्यार्थ्यांच्या सोयीपासून सुरू झालेले हे काम हळूहळू सर्वांसाठी खुले झाले. १९४० मध्ये मंडळाने वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या घरात पेढी नाही, त्यांनाही हिशेब आणि व्यापार शिकता येण्याचा हा मार्ग होता. स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या संस्थेने व्यापाराचे महाविद्यालय काढावे, याला वेगळा अर्थ आहे.

मग सगळे प्रयोग यशस्वी झाले का?

नाही. घाणीच्या तेलाला गिरणीच्या तेलाशी आणि हातकागदाला कारखान्याच्या कागदाशी भावात टक्कर देता आली नाही. स्वातंत्र्यानंतर देशाचे धोरण मोठ्या उद्योगांकडे झुकले. कुमारप्पा त्याबद्दल अखेरपर्यंत नाराज होते. मगनवाडीने कारागीर तयार केले, अवजारे सुधारली. पण सलग मिळणारे कर्ज आणि हमखास गिऱ्हाईक या दोन गोष्टी तिला पुरेशा देता आल्या नाहीत.

विश्वस्ताच्या कल्पनेवरही टीका झाली. श्रीमंताने संपत्ती समाजाची मानून सांभाळावी, हे त्याच्या मनावर सोडले तर सगळेच जमनालाल होणार नाहीत, असा डाव्यांचा आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. एका भल्या माणसावर उभी असलेली मदत त्याच्यानंतर टिकते का, हा खरा प्रश्न होता. त्याची परीक्षा लवकरच झाली.

१९४२ मध्ये काय घडले?

अखेरच्या काळात जमनालाल यांनी गोसेवेचे काम हाती घेतले होते. वर्ध्याजवळ गोपुरी येथे ते साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे अचानक निधन झाले. वय अवघे ५२. मोठा मुलगा कमलनयन सत्तावीस वर्षांचा होता, धाकटे रामकृष्ण अजून विशीतही नव्हते. कारखाने, खादी, शाळा, ग्रामोद्योग, गोशाळा या सगळ्यांच्या मागे उभा असलेला माणूस एका दिवसात नाहीसा झाला.

गांधीजींनी त्याच महिन्यात जमनालाल यांच्या मित्रांना आणि सहकाऱ्यांना वर्ध्यात बोलावले आणि त्यांची कामे कोण पुढे नेणार, याची विचारणा केली. जानकीदेवींनी गोसेवा संघाची जबाबदारी घेतली. संस्था बंद पडल्या नाहीत, कारण त्यांची मंडळे, त्यांचे चालक आणि त्यांच्या जागा आधीच वेगळ्या झालेल्या होत्या.

धंद्याचेही तसेच झाले. कमलनयन आणि रामकृष्ण यांनी कारभार सांभाळला. १९४५ मध्ये बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि तेच पुढे बजाज ऑटो झाले. दत्तक घेणाऱ्या आजोबांचे नाव त्या कंपनीने सुरुवातीला मिरवले. देशातल्या घरोघरी पोहोचलेली चेतक स्कूटर त्याच कंपनीची. जमनालाल यांचे नातू राहुल बजाज यांच्या काळात ती वाढली.

आज वर्ध्यात काय उरले आहे?

ग्रामोद्योगांसाठी १९५३ मध्ये अखिल भारतीय मंडळ आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग आला. मगनवाडीत आयोगाची संशोधन संस्था जमनालाल यांच्याच नावाने चालली. आता त्याच परिसरात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. गावातल्या छोट्या उद्योजकांना तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण देणे हे तिचे काम. मगन संग्रहालयही चालू आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून छोट्या उद्योगाला कर्जाबरोबर अनुदान मिळते. या योजनेची देशपातळीवरील अंमलबजावणी खादी आयोगाकडेच आहे. पूर्वी समाजाची पेढी जो पहिला आधार देई, तो देण्याचा सरकारी प्रयत्न म्हणून अशा योजनांकडे पाहता येते.

नवउद्योजकांसाठी यात काय आहे?

जमनालाल शून्यातून उभे राहिले नाहीत. पाठीशी पेढी होती, शिकवणारे होते, चुकले तर सावरणारे होते. त्यांच्या यशाचे श्रेय केवळ त्यांच्या गुणांना देणे म्हणजे निम्मीच गोष्ट सांगणे होईल. नवा धंदा बुडाला की दोष बहुधा काढणाऱ्याला दिला जातो. त्याच्या मागे किती हात होते, हे क्वचितच विचारले जाते.

कोरड्या गाठीला चढा भाव मिळेपर्यंत कळ काढू देणारा पैसा, शिकायला उघडी जागा, मालक नसतानाही काम पुढे नेणारी माणसे आणि जातीपलीकडे चालणारी पत, एवढे मिळाले तर उद्योग आपल्या संस्थापकाहून जास्त जगतो. वर्ध्यातल्या त्या बागेत कधीकाळी हेच उभे करायचा प्रयत्न झाला. तो अर्धवट राहिला, पण जागा अजून तिथेच आहे आणि तिथे शिकायला येणारेही आहेत.